तारांच्या चाकांवर टायर बसवणे व समतोलन

तारांच्या चाकांवर टायर बसवणे व समतोलन ही व्हिंटेज व क्लासिक मोटारगाड्यांच्या देखभालीतील एक कौशल्याची प्रक्रिया आहे. पोलादी पत्र्याचे किंवा मिश्रधातूचे चाक हा एकसंध तुकडा असतो. तारांचे चाक मात्र रिम, हब आणि त्यांना जोडणारे अनेक ताणलेले आरे यांची जुळणी असते. त्यामुळे त्यावर टायर चढवण्याआधी आऱ्यांचा ताण आणि रिमचा गोलपणा तपासावा लागतो. टायर चढवताना ट्यूबला तारांच्या टोकांपासून जपावे लागते, आणि समतोलनाच्या यंत्रावर चाक त्याच्या मूळ शंक्वाकार बैठकांवरच धरावे लागते. यांपैकी एखादी पायरी गाळली, तर पुढील सर्व काम अचूक होऊनही गाडी थरथरते. कधी ट्यूब फुटते, तर कधी चाक हबवर ढिले होते.

संज्ञा

मराठीत चाकाच्या मध्यभागापासून कडेपर्यंत जाणाऱ्या दांड्याला ‘आरा’ म्हणतात. हा शब्द बैलगाडीच्या लाकडी चाकासाठी रूढ आहे. सायकल व मोटारसायकल यांच्या चाकांतील आऱ्यांना बोलीभाषेत ‘तार’ किंवा ‘स्पोक’ म्हणतात. चाकाच्या मधल्या भागास बैलगाडीच्या संदर्भात ‘तुंबा’, तर यंत्रवाहनांच्या संदर्भात ‘हब’ म्हटले जाते. तारेच्या टोकावर बसणाऱ्या आणि फिरवून ताण कमी-अधिक करता येणाऱ्या लहान नळीवजा नटास ‘निपल’ हे नाव आहे. चाक फिरताना रिम डावी-उजवीकडे किंवा वर-खाली हेलकावत असेल, तर चाकात ‘आउट’ आहे असे कारागीर म्हणतात. निपल फिरवून हा दोष घालवण्याच्या कामास ‘आउट काढणे’ म्हणतात. टायरच्या रिमला घट्ट बसणाऱ्या, आतून पोलादी तार असलेल्या कडेस ‘बीड’ म्हणतात.

इतिहास

ताणलेल्या आऱ्यांच्या चाकाची कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली. विमानविद्येचे आद्य अभ्यासक असलेल्या केली यांना उड्डाणयंत्रासाठी हलके चाक हवे होते. पॅरिसमधील युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये सायकलसाठी तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ले यांनी १८७४ मध्ये आरे हबपासून सरळ न काढता स्पर्शरेषेच्या दिशेने तिरपे काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिरप्या आऱ्यांमुळे हबकडून येणारा फिरवण्याचा जोर तारा न वाकता रिमपर्यंत पोहोचतो. हीच मांडणी पुढे मोटारसायकली व मोटारगाड्या यांच्या चाकांत आली. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि तारांचे चाक व हवेचा टायर यांची जोडी जमली.

आरंभीच्या बहुतेक मोटारगाड्यांना तोफगाडीसारखी लाकडी आऱ्यांची चाके असत. टायर पंक्चर झाला की तो रस्त्यावरच रिमवरून उतरवावा लागे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीने मोटारगाड्यांसाठी सहज काढता येणारे तारांचे चाक प्रचारात आणले. या पद्धतीत दातेरी हबवर चाक सरकवून एकाच मोठ्या मध्यवर्ती नटाने आवळले जाते. इटलीतील मिलान येथे बोरानी कंपनीने १९२२ पासून याच पद्धतीच्या परवान्यावर चाके बनवली.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ठोकळ साच्यात दाबलेल्या पत्र्याची चाके स्वस्त पडू लागली आणि सर्वसाधारण गाड्यांतून तारांची चाके मागे पडली. ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांनी मात्र ती पुढे बराच काळ टिकवली. १९४५ ते १९४९ या काळातील एमजी टीसी या गाडीला १९ इंची, १९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपला १५ इंची, तर १९६२ च्या एमजीबी या गाडीला पर्यायी म्हणून १४ इंची तारांची चाके मिळत. आऱ्यांची संख्या सामान्यतः ४८, ६० किंवा ७२ असे.

रचना व कार्य

तारांच्या चाकाचे कार्य बैलगाडीच्या चाकाशी तुलना केल्यास चटकन लक्षात येते. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे दाब सोसतात. तुंब्यावर आलेला भार खालच्या आऱ्यांतून जमिनीकडे ढकलला जातो. लोखंडी धाव तापवून, ती प्रसरण पावलेली असताना, लाकडी कडेवर चढवतात आणि पाणी ओतून थंड करतात. आकुंचन पावलेली धाव सर्व सांधे बाहेरून आवळून धरते.

तारेची गोष्ट उलट असते. बारीक तार दाब सोसू शकत नाही, ती वाकते. परंतु ताण मात्र ती मोठा सोसते. म्हणून तारांच्या चाकात प्रत्येक आरा आधीच निपलने ताणून ठेवलेला असतो. रिम सर्व बाजूंनी हबकडे ओढली जाते आणि हे सर्व ओढ एकमेकांना तोलून धरतात. गाडीचा भार आल्यावर जमिनीलगतच्या काही आऱ्यांचा ताण कमी होतो. मूळ ताण पुरेसा असेल, तर तो शून्यापर्यंत जात नाही आणि चाकाचा आकार टिकतो. ताण मुळातच कमी असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तार एकदा ढिली व एकदा घट्ट होते. अशी तार थकते आणि बहुधा हबजवळच्या वाकणापाशी तुटते. एक तार तुटली की तिचा वाटा शेजारच्या तारांवर पडतो.

म्हणजे धाव बाहेरून आवळते, तर तारा आतून ओढतात. दोन्ही चाकांचे बळ आधीच दिलेल्या ताणातून येते. मात्र धावेचा ताण लोहाराच्या भट्टीत एकदाच ठरतो. तारेचा ताण निपलने केव्हाही बदलता येतो. तारांच्या चाकाची दुरुस्ती यामुळेच सोपी होते, आणि ते बिघडण्याची शक्यताही यामुळेच राहते.

मोटारगाडीच्या चाकात आऱ्यांच्या दोन किंवा तीन रांगा असतात. तिरप्या व एकमेकींना छेदणाऱ्या तारा इंजिनाचा व ब्रेकचा जोर सोसतात. हबच्या बाहेरील व आतील टोकांकडून रिमकडे जाणाऱ्या तारा वळणावरील आडवा जोर सोसतात. हबच्या आत लांबट समांतर दाते असतात. ते गाडीच्या आसावरील तशाच दात्यांत बसून जोर पोहोचवतात. चाक नेमके मध्यभागी ठेवण्याचे काम मात्र दाते करीत नाहीत. ते हबच्या आतील व बाहेरील टोकांना असलेल्या दोन शंक्वाकार बैठकांचे असते. समतोलनाच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

सर्वच तारांची चाके निपलची नसतात. १९२८ ते १९३१ या काळातील फोर्ड मॉडेल ए या गाडीच्या चाकांत आरे हब व रिम यांना वेल्डिंगने कायमचे जोडलेले होते. पहिल्या दोन वर्षांत ही चाके २१ इंची व नंतर १९ इंची होती. अशा चाकाचा आउट निपल फिरवून काढता येत नाही. वाकलेले चाक दाबयंत्रावर सरळ करावे लागते किंवा बदलावे लागते. ही चाके दातेरी हबवर न बसता साध्या नटांनी बसवली जातात.

टायर बसवण्यापूर्वीची तपासणी

जुना टायर उतरवल्यानंतर नवा चढवण्यापूर्वी चाकाची तपासणी पुढील क्रमाने केली जाते.

प्रथम हब पाहिला जातो. हबमधील दात्यांचा माथा सपाट असावा. तो झिजून सुरीच्या धारेसारखा टोकदार झाला असेल, तर चाक बाद समजले जाते. गाडी सुरू करताना किंवा ब्रेक लावताना चाकातून ‘टक्’ असा आवाज येणे हे या झिजेचे लक्षण आहे. शंक्वाकार बैठकांवर गंज, ओरखडे किंवा रंगाचा थर नसावा. चाक रंगवताना बैठकांवर रंग चढणे हे पुढे चाक ढिले होण्याचे एक नेहमीचे कारण असते.

त्यानंतर आरे तपासले जातात. लहान पान्याने प्रत्येक तारेवर हलका आघात केल्यास ताणलेली तार स्वच्छ नाद देते, ढिली तार बद्द आवाज करते. एकाच रांगेतील तारांचा नाद सर्वसाधारणपणे सारखा असावा. गंजून रिमला चिकटलेले निपल जबरदस्तीने फिरवल्यास तार पिळली जाऊन तुटते. म्हणून आधी गंज सोडवणारे तेल मुरू दिले जाते.

मग आउट मोजला जातो. चाक स्टँडवर किंवा गाडीच्याच हबवर फिरवून रिमच्या कडेजवळ डायल-मापक किंवा साधी स्थिर सुई धरली जाते. डावी-उजवीकडील हेलकावा आणि वर-खालील हेलकावा असे दोन आउट स्वतंत्रपणे पाहावे लागतात. दोन्ही साधारणतः दीड मिलीमीटरच्या आत असावेत असा संकेत आहे. रिम उजवीकडे झुकत असेल, तर त्या जागी डावीकडून येणाऱ्या तारा किंचित आवळून उजवीकडील तेवढ्याच सैल केल्या जातात. रिम वर उचललेली असेल, तर त्या भागातील दोन्ही बाजूंच्या तारा आवळून समोरच्या भागातील सैल केल्या जातात. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. एका तारेतील बदल साऱ्या चाकात पसरतो, त्यामुळे घाईने घातलेला फेरा दुसरीकडे नवा आउट निर्माण करतो.

हे काम टायर उतरवलेला असतानाच करावे लागते. निपल फिरवले की तारेचे टोक रिमच्या आत पुढे येऊ शकते आणि टायर चढवलेला असल्यास ते ट्यूबमध्ये घुसते. आउट काढून झाल्यावर निपलबाहेर आलेले प्रत्येक टोक कानशीने घासून सपाट केले जाते.

ट्यूब व रिमपट्टी

तारांच्या चाकाच्या रिममध्ये प्रत्येक निपलसाठी एक छिद्र असते. या छिद्रांतून हवा निसटत असल्याने जुन्या तारांच्या चाकांवर ट्यूब आवश्यक असते. टायरवर ‘ट्यूबलेस’ असे छापलेले असले, तरी चाक ट्यूबलेस होत नाही. छिद्रे हवाबंद केलेली किंवा तारा रिमच्या वेगळ्या जागी गुंफलेली ट्यूबलेस तारांची चाके अलीकडे तयार होतात, परंतु ती मूळ जुन्या चाकांपेक्षा निराळी असतात.

ट्यूब आणि निपल यांच्यामध्ये रबरी किंवा कापडी रिमपट्टी लागते. ती सर्व निपल झाकेल इतकी रुंद आणि जागेवरून सरकणार नाही इतकी घट्ट असावी. चिकटपट्टीचे एक-दोन वेढे उष्णतेने व घामेजलेल्या रिममुळे सुटतात, म्हणून रिमपट्टीला तो पर्याय ठरत नाही. ट्यूबचे माप टायरच्या मापाशी जुळावे लागते. मोठी ट्यूब घडी पडून त्या घडीवर फाटते, तर लहान ट्यूब अति ताणली जाऊन पातळ होते. व्हॉल्व्हची जाडी रिममधील छिद्राशी जुळावी. मोठ्या छिद्रात बारीक व्हॉल्व्ह हलत राहतो आणि त्याच्या मुळाशी ट्यूब चिरते.

टायरच्या आतील कागदी चिकटपट्ट्या काढून टाकाव्या लागतात. वेगात त्यांच्या कडा ट्यूब घासतात. ट्यूबवर शंखजिऱ्याची पूड लावल्याने ती टायरला न चिकटता आपली जागा नीट घेते.

टायर निवडताना चाकाच्या मूळ मापाबरोबर त्याचे वयही पाहिले जाते. टायरच्या बाजूवरील चार अंकी संकेतात पहिले दोन अंक आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. क्लासिक गाड्या वर्षाकाठी थोडेच अंतर धावतात. त्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी शाबूत असताना रबर मात्र कडक होऊन तडकलेले असते. एकाच आसावर रेडियल व क्रॉसप्लाय असे दोन प्रकारचे टायर लावत नाहीत. पुढे रेडियल व मागे क्रॉसप्लाय ही मांडणी वळणावर मागचे टोक घसरण्याच्या दृष्टीने धोक्याची असते.

टायर चढवणे

रिमचा मधला भाग खोलगट असतो. बीडमधील पोलादी तार ताणली जात नसल्याने, टायर चढवताना एका बाजूचा बीड या खोलगट भागात दाबून ठेवला तरच समोरच्या बाजूस तो कडेवरून ओलांडायला जागा मिळते. बीड आणि रिमची कड यांना साबणाचे पाणी लावले जाते. ग्रीस किंवा खनिज तेल रबर खराब करते.

पहिला बीड चढवल्यावर किंचित हवा भरलेली ट्यूब आत घालून व्हॉल्व्ह छिद्रातून बाहेर काढला जातो. दुसरा बीड व्हॉल्व्हच्या समोरील बाजूपासून चढवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवतात, म्हणजे शेवटच्या अवघड भागात ट्यूब पहारीखाली चिमटत नाही. जुन्या चाकांचा क्रोम किंवा रंग जपण्यासाठी पहारी व रिम यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे संरक्षक तुकडे ठेवतात. टायर बदलण्याच्या यंत्राचे जबडे रिमच्या कडेवर धरता येतात, परंतु चाक आऱ्यांवर टेकवून किंवा आऱ्यांमध्ये दांडा अडकवून फिरवल्यास नुकताच काढलेला आउट परत येतो.

हवा प्रथम भरून, पूर्ण सोडून, पुन्हा भरली जाते. त्यामुळे ट्यूबमधील घड्या मोकळ्या होतात. बीड जागेवर बसवण्यासाठी चौरस इंचास ४० पौंडांपेक्षा अधिक दाब देऊ नये, ही मोटारगाडीच्या टायरसाठीची सर्वसाधारण मर्यादा आहे. तेवढ्यात बीड बसला नाही, तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी लावावे लागते. हवा भरताना कारागिराने टायरवर वाकून उभे राहू नये. शेवटी टायरच्या बाजूस रिमलगत असलेली बारीक गोल रेघ पाहिली जाते. तिचे रिमपासूनचे अंतर सर्वत्र सारखे असेल, तर टायर मध्यभागी बसला आहे असे समजतात. ते सारखे नसेल, तर समतोलन करण्यात अर्थ नसतो.

समतोलन

चाकाच्या एखाद्या भागात वस्तुमान अधिक असेल, तर फिरताना तो भाग चाकाला बाहेर ओढतो. हा ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ इंची रिमच्या कडेवर, म्हणजे केंद्रापासून सुमारे १९ सेंटिमीटरवर, ३० ग्रॅम अधिक वस्तुमान आहे आणि टायरची बाहेरील त्रिज्या ३२ सेंटिमीटर आहे असे मानू. ताशी ९० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते आणि हे ३० ग्रॅम सुमारे ३५ न्यूटन, म्हणजे साडेतीन किलोग्रॅम वजनाइतका ओढ निर्माण करतात. तोच ओढ ताशी ४५ किलोमीटरला एक-चतुर्थांश होतो. गावात चालवताना न जाणवणारा दोष महामार्गावर स्टिअरिंगमध्ये जाणवतो, त्याचे कारण हे आहे.

असमतोल दोन प्रकारचा असतो. स्थिर असमतोलात चाकाचा जड भाग एका जागी असतो आणि चाक वर-खाली आदळते. गतिक असमतोलात रिमच्या आतील व बाहेरील कडांवरचे जड भाग समोरासमोर नसतात आणि चाक डावी-उजवीकडे डुलते. जुनी चाके अरुंद असल्याने त्यांत स्थिर असमतोलाचा वाटा मोठा असतो. तरी पुढच्या चाकांसाठी दोन्ही तपासणे इष्ट असते.

यंत्रावर चाक धरण्याचा प्रश्न

आजच्या समतोलन यंत्रांवर चाक मधल्या छिद्रात शंकू घालून धरले जाते. पत्र्याच्या किंवा मिश्रधातूच्या चाकाचे मधले छिद्र अचूक कातलेले असल्याने तेथे ही रीत योग्य ठरते. दातेरी हबच्या तारांच्या चाकात मात्र साधा शंकू दात्यांच्या टोकांवर किंवा हबच्या कडेवर टेकतो. या जागा चाक मध्यभागी ठेवण्यासाठी बनवलेल्या नसतात.

यातून होणारी चूक लहान नसते. टायरसह १६ किलोग्रॅमचे चाक यंत्रावर केवळ अर्धा मिलीमीटर सरकून बसले, तर ८०० ग्रॅम-सेंटिमीटर इतका खोटा असमतोल तयार होतो. १९ सेंटिमीटर त्रिज्येवर तो घालवण्यासाठी यंत्र सुमारे ४२ ग्रॅम वजन मागते. कारागीर ते लावतो, यंत्र शून्य दाखवते. पण गाडीवर चाक आपल्या खऱ्या बैठकांवर बसताच ते ४२ ग्रॅम स्वतःच असमतोल ठरतात. ‘समतोलन करूनही गाडी थरथरते’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

हा दोष ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. यंत्राने शून्य दाखवल्यावर चाक सैल करून, यंत्राचा दांडा व शंकू तसेच ठेवून, चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळतात. पकड बरोबर असेल, तर यंत्र पुन्हा जवळपास शून्यच दाखवते. पकड सरकलेली असेल, तर वरील उदाहरणात ते सुमारे दुप्पट, म्हणजे ८४ ग्रॅमच्या आसपास असमतोल दाखवते.

उपाय दोन आहेत. पहिला, हबच्या दोन्ही शंक्वाकार बैठकांना जुळणारे जोडसाधन यंत्रावर वापरणे. ते विकत मिळाले नाही, तर लेथवर कातून घेता येते. मात्र त्याचे कोन अंदाजाने न घेता त्याच गाडीच्या हबवरून व नटावरून घ्यावे लागतात. वापरातून गेलेला पण शंकू शाबूत असलेला जुना हब व नट यांपासूनही असे साधन बनवले जाते. दुसरा उपाय म्हणजे चाक गाडीवरच ठेवून, उचललेल्या अवस्थेत फिरवून समतोलन करणे. यात चाक, हब आणि ब्रेकचा ड्रम या सर्वांचा एकत्रित समतोल साधला जातो. अशा वेळी चाकाची दात्यांवरील जागा खुणेने नोंदवून ठेवावी लागते, कारण चाक काढून वेगळ्या जागी चढवल्यास समतोल बदलतो.

वजने

रिमच्या कडेवर ठोकून बसवण्याची वजने क्रोम खरवडतात आणि तेथून गंज सुरू होतो. म्हणून चिकटवायची वजने रिमच्या आतील बाजूस, ब्रेकला न लागतील अशी लावली जातात. त्यापूर्वी ती जागा मेण व ग्रीस काढून स्वच्छ करावी लागते. एकाच जागी फार वजन लागत असेल, तर वजने वाढवत न जाता टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवतात. त्यामुळे टायरचा व रिमचा जड भाग समोरासमोर येऊन बरेच वजन वाचते.

गाडीवर चाक चढवणे

दाते व शंक्वाकार बैठका स्वच्छ करून त्यांवर ग्रीसचा पातळ थर दिला जातो. मध्यवर्ती नटाचे आटे दोन बाजूंना परस्परविरुद्ध असतात. रज-व्हिटवर्थ पद्धतीत गाडीच्या डाव्या बाजूस उजवे आटे आणि उजव्या बाजूस डावे आटे असतात. म्हणजे गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने नट सुटतो. प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. परंतु भाराखाली नट व चाक यांच्या शंकूंचा स्पर्शबिंदू फिरत राहतो आणि त्याचा परिणाम नट आवळण्याच्या दिशेने होतो. दुरुस्तीत डावे-उजवे हब अदलाबदल झाल्यास हाच परिणाम नट सोडवू लागतो.

चाक जमिनीपासून किंचित उचललेले ठेवून, कान असलेला नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने ठोकून आवळला जातो. पोलादी हातोडा नटाचे कान विद्रूप करतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही देशांच्या सुरक्षा-नियमांमुळे बाहेर आलेले कान जाऊन अष्टकोनी नट आले. ते विशेष पान्याने आवळले जातात. चाक चढवल्यावर ४०-५० किलोमीटर अंतरानंतर नट पुन्हा तपासणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या काळातील आयात व जुळणी केलेल्या गाड्यांबरोबर तारांची चाके महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसू लागली. स्वातंत्र्योत्तर काळात देशात सर्वाधिक दिसणाऱ्या हिंदुस्थान अँबॅसडर आणि मुंबईतील कुर्ला येथे बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या गाड्यांना पत्र्याची चाके होती. परिणामी मोटार-गॅरेजमधील कारागिरांच्या काही पिढ्यांचा तारांच्या चाकांशी संबंध आला नाही. ते कौशल्य सायकल आणि मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानांत टिकून राहिले.

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी तारांचे चाक ओळखीचे आहे ते सायकलमुळे आणि राजदूत, बुलेट यांसारख्या मोटारसायकलींमुळे. चाक उलटे टांगून, बोटांनी तारा चाचपत आउट काढण्याची रीत मोटारगाडीच्या चाकालाही तत्त्वतः तशीच लागू पडते. फरक आहे तो आऱ्यांच्या रांगांचा, ताणाचा आणि हबच्या बैठकांचा. त्यामुळे आउट काढणे, टोके घासणे, रिमपट्टी व ट्यूब बसवणे ही कामे गावातील जाणत्या कारागिराकडून होऊ शकतात. ज्या गावी लेथ आहे तेथे जोडसाधनही कातून घेता येते. गतिक समतोलनासाठी यंत्र लागते, आणि ते जोडसाधन सोबत नेल्यास कोणत्याही चांगल्या यंत्रावर काम होते. याउलट, मोठ्या शहरातील अद्ययावत यंत्रही जोडसाधनाशिवाय अशा चाकापुढे निरुपयोगी ठरते.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी व चारचाकी वाहने व्हिंटेज मानली जातात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क असून ती १० वर्षे वैध राहते. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. ही वाहने नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाहीत. मूळ स्वरूपाच्या अटीमुळे, सोयीसाठी तारांची चाके काढून पत्र्याची बसवण्यापेक्षा मूळ चाके दुरुस्त ठेवण्याला महत्त्व आले आहे.

देखभाल

पावसाळ्यात पाणी निपलच्या खाली साचून गंज धरतो. म्हणून चाक धुतल्यावर कोरडे करणे आणि निपलच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडणे उपयुक्त असते. नव्याने गुंफलेल्या चाकाच्या तारा सुरुवातीच्या काही शे किलोमीटरांत थोड्या सैलावतात, त्यामुळे त्यांची पुन्हा तपासणी करतात. एकाच चाकाच्या दोन-तीनपेक्षा अधिक तारा अल्पावधीत तुटल्यास एकेक तार बदलत न राहता सर्व तारा काढून चाक नव्याने गुंफले जाते. उरलेल्या तारांनीही तोच थकवा सोसलेला असतो.

हेही पाहा

सायकल
टायर
बैलगाडी
केंद्रोत्सारी प्रेरणा